पहिली कोण ते कळलं; दुसरी कधी आली?

आमच्या जिल्ह्याच्या गावी एका महिला महाविद्यालयात नवं सभागृह झालं. फॅशन डिझाइन आणि पत्रकारिता असे दोन अभ्यासक्रम तिथं चालणार, म्हणून भिंतीवर त्याच दोन क्षेत्रांतल्या ‘पहिल्या’ बायकांच्या तसबिरी लावाव्यात असं दोघी-तिघी प्राध्यापिकांनी सुचवलं. ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय भानू अथैया, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, अशी यादी निघाली. समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ ती वाचून उखडलेच. “सावित्रीबाईच्या ओळीत कपडे शिवणाऱ्या अन् फोटो काढणाऱ्या बाया? इथं घागरीला पाणी नाही अन् तुम्हाला फॅशन सुचायली!” त्यावर दुसरी बाजू म्हणाली, सर, जमाना बदलला, पोरींना प्रेरणा नको का? तीन बैठका याच दोन वाक्यांवर गेल्या. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याला मी चौदा वर्षं बातमीदारी केलेली, म्हणून तिसऱ्या बैठकीला मलाही बोलावणं आलं. चहा दोनदा झाला, निर्णय एकदाही नाही.

मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत. गंमत म्हणजे भांडणाऱ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. एक म्हणतो ही चैन आपल्याला परवडत नाही, दुसरी म्हणते आता परवडते. चैनच आहे हे दोघांनाही कबूल. माझं म्हणणं असं, की बाईनं अंगावर काय घालायचं आणि तिच्याबद्दल काय छापून यायचं, हे जिथं ठरतं ती जागा म्हणजे कपड्यांचा आणि बातम्यांचा धंदा. त्या जागेत शिरलेल्या बायका भिंतीवर हव्यातच. फक्त ‘पहिली’ या एका शब्दावर त्यांना तिथं टांगू नका. पहिलीवरून दार किती घट्ट लावलेलं होतं एवढंच कळतं. ते खरंच उघडलं, की किलकिलं होऊन पुन्हा लागलं, हे दुसरी यायला किती वर्षं गेली त्यावरून कळतं. हा हिशेब कोणत्याच तसबिरीखाली लिहिलेला नसतो.

आधी त्या गृहस्थांचं म्हणणं घेते, कारण त्यात दम आहे. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूर जगवावं लागलं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ साली सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक बायकांमधल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अशा मुलखात रॅम्प आणि मुखपृष्ठं यांचं कौतुक कानाला खुपतं, हे मला समजतं. त्यात हा धंदाही काही सोज्वळ नाही. गोरेपणाचं क्रीम विकून सावळ्या पोरींना खाली मान घालायला त्यानंच शिकवलं. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११०० वर माणसं मेली, त्यांत बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांनी शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत लटकत होते. फ्रेंच फॅशनकार कोको शनेलनं बायकांना कमरेच्या आवळपट्ट्यांतून मोकळं केलं म्हणून तिचे गोडवे गातात. युद्धाच्या काळात ती नाझींशी संधान बांधून होती, हे त्या गोडव्यांत कुठं येत नाही. तेव्हा ‘फॅशनमधली थोर स्त्री’ म्हटल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडते, तो अगदीच अडाणी नसतो.

पण कपडा ही क्षुल्लक बाब आहे, हे कुणी मला सावित्रीबाईंचं नाव घेऊन सांगू नये. शाळेत जाताना त्या सोबत दुसरं लुगडं ठेवत, कारण अंगावरचं वाटेत शेणामातीनं भरवलं जाई. शिकवायला निघालेल्या बाईवर राग काढायचा तर लोकांना तिचं लुगडंच दिसलं. आणि १८५४ साली ‘काव्यफुले’ छापून त्या स्वतः छापखान्यापर्यंत पोचल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १८५५मध्ये, त्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि थेट धर्मालाच जाब विचारते. याला माध्यम नाही तर काय म्हणायचं? सावित्रीबाईंच्या ओळीत छापणारी बाई चालत नसेल, तर त्या ओळीत खुद्द सावित्रीबाईंना कुठं बसवणार?

आणखी जवळचा दाखला घ्या. डिसेंबर १९२७मध्ये महाडला, मनुस्मृती जाळली त्याच परिषदेच्या दिवसांत, बाबासाहेब बायकांपुढं वेगळं बोलले. तुमची लुगडं नेसायची तऱ्हा, अंगावरचे ते जडशीळ दागिने, ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण म्हणून तुमच्यावर लादलेली आहे, ती टाका. लुगडं अंगभर नेसा. बायकांनी ऐकलं आणि तिथंच नेसण बदललं. गुडघ्यापर्यंतचं लुगडं घोट्यापर्यंत आलं. हातभर कापड खाली आलं एवढंच, आणि त्यावरून गावोगावच्या वाड्यांत काय कल्लोळ झाला असेल तो आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. कोणत्या जातीच्या बाईनं किती अंग झाकायचं याचा हुकूम मोडणं ही फॅशनची गोष्ट आहे का? आहेच की. फॅशन म्हणजे कोण काय घालू शकतं याचा अलिखित कायदा, आणि त्या दिवशी तो मोडला. याच बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, जे पुढं मिलिंद म्हणून नावारूपाला आलं. आमच्या समितीतले ते गृहस्थ तिथलेच विद्यार्थी. मी त्यांना महाडची आठवण दिली तेव्हा ते थोडे गप्प झाले, मग म्हणाले, “ते वेगळं हो बाई.” वेगळं कसं, ते मात्र सांगितलं नाही.

आता दुसऱ्या बाजूकडं वळते. तिच्याशी माझं भांडण जास्त आहे, कारण ती माझीच माणसं.

भानू अथैया घ्या. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली मुलगी, जन्म १९२९चा. जे. जे.मध्ये चित्रकला शिकली, ‘ईव्ज वीकली’साठी फॅशनची रेखाटनं काढू लागली. त्या साप्ताहिकाच्या संपादकांनी बुटीक काढलं तेव्हा कागदावरचे कपडे कापडात उतरवायचं काम तिच्याकडं आलं, आणि तिथून सिनेमा. १९८३ साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर. भारतीय माणसाला मिळालेलं पहिलं ऑस्कर एका मराठी बाईच्या हाती आलं, याचा अभिमान मलाही आहे. पण त्यानंतर भारतीय बाईच्या हातात ती बाहुली कधी आली? २०२३ला, कार्तिकी गोन्साल्विस आणि गुनीत मोंगा यांच्या. मध्ये चाळीस वर्षं. चाळीस वर्षांत आपण भानूताईंचा पहिलेपणा सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ केला, स्पर्धा परीक्षेला त्यावर गुण मिळवले आणि समाधानी राहिलो. एक बाई पोचली याचा आनंद इतका मोठा, की बाकीच्या का पोचत नाहीत हे विचारायचं राहून गेलं.

होमाईबाईंची कथा तर जास्तच बोलकी. त्यांची सुरुवातीची छायाचित्रं नवऱ्याच्या नावानं छापली गेली. पुढं दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला अडकवून त्यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागेचा सगळा काळ टिपला. १९७० साली त्यांनी कॅमेरा ठेवला आणि पद्मविभूषण मिळालं २०११मध्ये, वयाची नव्वदी उलटून गेल्यावर. पण माझं मन त्या आधीच्या काळावर अडतं, जेव्हा फोटो तिचा आणि नाव त्याचं होतं. कारण ते मी तालुक्याला स्वतः पाहिलं आहे.

मराठी दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणजे काय, हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. पगार नावापुरता, किंवा तोही नाही. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. आमदारांचा वाढदिवस, बाजार समितीच्या सभापतींची निवड, दिवाळीच्या शुभेच्छा, यांच्या पानभर जाहिराती आणायच्या, छापायच्या आणि मग सहा-सहा महिने वसुलीला हिंडायचं. वसुली होते ती रात्री नऊनंतर, नेत्याच्या बंगल्यावर, कार्यकर्ते पांगल्यावर. तिथं बाई जाणार कशी? गेली तर गाव काय बोलणार? म्हणून एजन्सी भावाच्या नावावर, नवऱ्याच्या नावावर. माझी पहिली सहा वर्षं अशीच गेली: बातमी मी लिहायची, खाली नाव घरातल्या पुरुषाचं. संपादक वाईट नव्हते. ते म्हणायचे, ताई, नावाचं काय घेऊन बसलात, काम तुम्हीच करता हे आम्हाला माहीत आहे ना. त्यांना माहीत होतं. वाचकाला नव्हतं, आणि पुढं मला ओळखपत्र हवं झालं तेव्हा कचेरीच्या कागदालाही नव्हतं. बाईच्या वाटेतला अडसर म्हटलं की आपण ‘मानसिकता’ हा गुळगुळीत शब्द फेकतो. माझ्या वाटेतला अडसर जाहिरातीची वसुली हा होता, आणि तो कुणाच्या तसबिरीनं दूर झाला नसता.

म्हणून ऊसतोड बायकांचा तो आकडा दाखवून मला कुणी ‘इथं माध्यमांचं काय कौतुक’ म्हणतं, तेव्हा मी उलटं विचारते. पिशवी काढायची रीत काही २०१९ला सुरू झाली नव्हती. तांड्यावर, कोपीवर, विहिरीवर हे बायका एकमेकींना किती तरी वर्षं सांगत होत्या. मग ती बातमी व्हायला एवढा उशीर का? ती धसाला लावणाऱ्यांत पुरुष बातमीदार होते, हे मी मानते, आणि त्यांचं ऋणही मानते. पण विहिरीवर बसून ऐकणारी एखादी जण आमच्या पानांवर नावानिशी असती तर? ज्या बाईच्या तोंडून पुरुषापुढं ‘पिशवी’ हा शब्दही निघत नाही, ती माझ्यापुढं पाच मिनिटांत सगळं सांगते. हा काही माझा मोठेपणा नाही, साधी सोय आहे. पाण्याच्या टँकरची बातमी आमच्याकडं नेहमी पाण्याच्या आकड्यानं सुरू होते, किती खेपा, किती लिटर. रांगेत पहाटे तीनपासून कोण उभं आहे हे तिसऱ्या परिच्छेदात येतं, जागा उरली तर.

शेजारीच, जुन्या हैदराबाद संस्थानातल्या, आता तेलंगणात असलेल्या झहिराबाद भागात, २००८ साली माचनूर गावात दलित बायकांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. बियाणं, पाऊस, गाणी, सगळं त्यांच्याच बोलीत आणि त्यांच्याच हातातल्या यंत्रावर. त्यांच्यातली पहिली कोण, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. यंत्र हातात देताना एकीच्या हातात दिलं नाही, हे वाटतं. आपल्याकडं उलट पाहा. तानुबाई बिर्जे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ‘दीनबंधू’ साप्ताहिकाचं संपादन हाती घेतलं होतं. शंभर वर्षं उलटून गेली, तरी मराठी दैनिकाच्या मुख्य संपादकाच्या खुर्चीत बाई बसली की अजून तीच बातमी होते. आणि जालन्याच्या सीमेला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे? १८८२ला ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, जोतीरावांनी पाठराखण केली, बाकीच्यांनी एवढी झोड उठवली की बाईंनी पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं १९७५ साली. त्र्याण्णव वर्षं! आज त्याच ताराबाईंना आपण ‘पहिल्या स्त्रीवादी’ म्हणून हार घालतो. तो हार घालताना हातातला आकडा मात्र खाली ठेवतो.

कपड्यांच्या बाजूला नावाचा प्रश्न आणखी बिकट आहे, कारण तिथं खाली नाव छापायची रीतच नाही. एक काळ असा होता की मराठी घरंदाज बाई साडीचा काठ कसा मिरवावा, केसांत फुलं कशी माळावीत, हे बालगंधर्वांकडं पाहून शिकली. बाईची फॅशन पुरुषानं ठरवली, तीही रंगमंचावर बाईला मज्जाव होता म्हणून. यात कुणाला विनोद दिसत नसेल तर मला आश्चर्य वाटेल. अमेरिकेत १९५३ला जॅकलिन बूव्हिएचं जॉन केनेडींशी लग्न झालं; तिचा झगा ॲन लो या कृष्णवर्णीय बाईनं शिवला होता. लग्नाला जेमतेम दहा दिवस उरले असताना कारखान्यात पाणी शिरून तो वाया गेला, तिनं पदराला खार लावून तो पुन्हा शिवला आणि लग्नाच्या बहुतेक बातम्यांत तिचं नाव आलं नाही. झग्याच्या कापडाचं, घोळाचं वर्णन आलं.

यात परकं काहीच नाही. पैठणला जाऊन मागाजवळ उभ्या राहा. पूर्वी घरोघर बायकांच्या वाट्याला कांड्या भरायचं काम, मागावर पुरुष. आता तिथल्या केंद्रात मागावरही बायका दिसतात. मोराच्या पिसाऱ्यातला एक रंग संपून दुसरा लागतो तिथं बाई लहानशी कांडी बोटानं सरकवते, दोन धागे एकमेकांत अडकवते, आणि असं एका ओळीत किती तरी वेळा. दिवसभरात बोटभर पदर झाला तर झाला. उलटा धरला तरी सुलट्यासारखाच दिसतो, तीच खऱ्या पैठणीची पारख. तिला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं, पण ते मानांकन प्रदेशाच्या नावाला मिळतं, त्या बोटांच्या नावाला नाही. गिऱ्हाईक विचारतं कितीची, खरी की यंत्रावरची. कुणी विणली, हे मी अजून एकाही गिऱ्हाइकाला विचारताना ऐकलं नाही. परभणीत माझ्या गल्लीत एक जण खाटेएवढ्या चौकटीवर ब्लाउजचं कापड ताणून आरी वर्क करते. नवरीच्या एका बाहीला तीन दिवस जातात. तिचे ब्लाउज शहरातल्या बुटीकमध्ये जातात आणि मानेच्या आत बुटीकची चिठ्ठी लागते. ती मला म्हणाली, “काहून नाव लावतील ओ ताई? आमचं नाव पाहून कोण तेवढे पैसे देईल?” या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. फॅशनच्या अभ्यासक्रमाकडं असलं पाहिजे.

‘पहिली’ची यादी आणखी एक चलाखी करते. दुर्गा खोटे १९३२ला ‘अयोध्येचा राजा’त उतरल्या, तर कुलीन घरातली पहिली म्हणून त्यांचं नाव अजून घेतात. त्यांचं धाडस खोटं नव्हे. पण १९१३लाच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या, आणि त्याच्या किती तरी आधीपासून तमाशाच्या बोर्डावर बायका उभ्या होत्या, ज्यांना पाहायला अख्खं गाव लोटायचं. ‘कुलीन’ हे विशेषण लावलं की मागच्या सगळ्या जणी मोजणीतून बाद. कुणाच्या उंबऱ्यातून बाहेर पडणं म्हणजे शिखर गाठणं, आणि कुणाचं तेच करणं म्हणजे नशिबाचे भोग, हे ठरवलं कुणी?

एवढं सगळं बोलूनही एक गोष्ट मला मान्य करावी लागते. चेहरा दिसण्याला किंमत आहे. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची, असं तिच्या सोबतचे सांगत. हा किस्सा मी कॉलेजात असताना ऐकला आणि किती दिवस तो एकटीच आठवून हसत होते: पडद्याला हवी तेवढी साडी द्यायची, टेबलाखाली आपली आपण. बातमीदार व्हावंसं मला वाटलं तेही जिल्हा पानावर एका बाईचं नाव छापलेलं पाहून. म्हणजे प्रेरणा थोतांड नाही. पण ती बाई दोन वर्षांत काम सोडून गेली. का, ते मला नंतर कळलं; वसुलीच. तिच्या नावानं मला दारापर्यंत आणलं, आत शिरताना ते उपयोगी पडलं नाही.

तिसऱ्या बैठकीच्या शेवटी मी म्हणाले, तसबिरी लावा. भानूताई, होमाईबाई, तानुबाई, मुक्ता साळवे, सगळ्या लावा आणि सोबत मागावरच्या हातांचाही एक फोटो लावा. पण प्रत्येकीखाली नाव आणि साल लिहून थांबू नका. तिच्या कामाचे पैसे आणि श्रेय आधी कुणाच्या नावावर गेलं ते लिहा, आणि तिच्यानंतरची दुसरी कोणत्या साली आली तेही लिहा. जिथं अजून आलीच नसेल तिथं जागा कोरी सोडा. समितीचे सचिव फ्रेमवाल्याचं दरपत्रक घेऊन बसले होते. त्यांनी मापं पाहिली, पेन कानावर अडकवलं आणि म्हणाले, “ताई, एवढं सगळं त्या खालच्या पट्टीवर मावायचं नाही.”

मी म्हटलं, मग फोटो लहान करा.